बाण आपोआप फिरतोय: घरचा कॉम्प्युटर लांबून चालवण्याआधी

 

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "दादा, मी पुण्यात असतो, घरचा डेस्कटॉप कोल्हापुरात. पप्पांना टॅलीत काही अडलं की तासभर फोन चालतो. त्यांची स्क्रीन मला इथून दिसेल असं काही करता येतं का?" अशा अर्थाचे बरेच मेसेज आलेत. करता येतं. दहा मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि आज ते सगळं सांगणार आहे.

पण आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. कारण हेच सेटिंग मी आमच्याकडं लावलं होतं, ते पाच वर्षं झकास चाललं, आणि त्यातूनच आमचे चोवीस हजार रुपये गेले.

आमचं वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहे. छोटंच आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये पप्पांचा डेस्कटॉप. बिलं, जीएसटी, पार्टीचे हिशोब सगळं त्याच्यावर. २०१९ च्या जुलैमध्ये मी बीटेक संपवून पुण्यात नोकरीला लागलो आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. तुम्हाला आठवत असेल, शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बंगळुरू हायवे काही दिवस बंदच होता. आमच्या शेडमध्ये पाणी आलं नाही, घरचे सुखरूप होते. पण पाणी ओसरलं, लाईट आली, कॉम्प्युटर सुरू केला, तर बिलाची प्रिंट निघेना. नवीन नोकरी, सुट्टी कोण देणार? मग फोनवर बोलत बोलत पप्पांकडून एक रिमोट ॲप टाकून घेतलं.

त्या फोनची रेकॉर्डिंग असती तर तो वेगळा कॉमेडी एपिसोड झाला असता.

"पप्पा, वर उजवीकडं तीन रेघा दिसतात का?"

"रेघा? टॅलीत लई रेघा हाईत. कुठली सांगू?"

शेवटी जमलं. मी पुण्यातनं प्रिंटरची रांग साफ केली आणि २३० किलोमीटरवर उद्यमनगरात बिल बाहेर पडलं. पप्पांनी सगळ्या शेडला बोलावून दाखवलं. मला पण लई भारी वाटलं.

मग ती सवयच झाली. आठवड्यातनं एकदा तरी मी आत शिरायचो. आणि हळूहळू मी त्यांना तीन वाक्यं शिकवली. "नंबर वाचा. ॲक्सेप्ट दाबा. वाचत बसू नका." हे तिसरं वाक्य लक्षात ठेवा. स्क्रीनवर सूचना यायची, पप्पा एकेक अक्षर लावून वाचायला लागायचे, मला मीटिंगला जायचं असायचं, आणि मी वैतागून म्हणायचो, "पप्पा, वाचत बसू नका हो, फक्त दाबा."

आता पुढचं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. पप्पांना फोन आला. "वर्कशॉपचं मागचं वीजबिल सिस्टीमला अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन कट होणार." असल्या मेसेज-कॉलबद्दल महावितरणनं किती वेळा सावध केलंय. पण कामाच्या गडबडीत, ऑर्डर तोंडावर असताना, लाईट जाणार म्हटल्यावर माणूस घाबरतोच. समोरचा म्हणाला, "कॉम्प्युटरवर स्क्रीन दाखवायचं ॲप आहे का? मी इथूनच अपडेट करून देतो." ॲप होतं. मीच टाकलं होतं. तो म्हणाला, "नंबर वाचा." पप्पांनी वाचला. "ॲक्सेप्ट दाबा." दाबलं. वाचत बसले नाहीत.

पार्टीला पैसे पाठवायचे म्हणून नेटबँकिंग उघडंच होतं. फोनवर ओटीपी आला. समोरचा म्हणाला, हा बिलाचा रेफरन्स नंबर आहे, सांगा. सांगितला. चोवीस हजार गेले.

तेवढ्यात आमचे फिटरमामा चहा घेऊन केबिनमध्ये आले. पप्पांचे दोन्ही हात फोनवर, आणि स्क्रीनवर बाण चाललाय. ते म्हणाले, "मालक, ह्यो बाण आपोआप फिरालाय बघा."

पप्पा म्हणाले, "आसू दे. पोरगं बी आसंच करतंय."

मंडळी, नंतर हे वाक्य मला कळलं तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. आपल्या कॉम्प्युटरवर बाण आपोआप फिरतोय ही घाबरायची गोष्ट आहे. ती आमच्या घरात नेहमीची झाली होती. आणि ती नेहमीची कुणी केली? मीच.

फिटरमामांचं शिक्षण चौथी. टॅली म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. पण लेथवर तीस वर्षं काढलीत. मशीन आपोआप चालायला लागली तर का, कशी, कोण चालवतंय, हे नंतर बघायचं, आधी बटण. त्यांनी चहा ठेवला आणि केबिनचा मेन स्विच खाली ओढला. यूपीएसची बॅटरी वर्षभर मेलेली होती, बदलू बदलू म्हणून राहून गेली होती. म्हणून कॉम्प्युटर जागच्या जागी बंद. तोवर पैसे पाठवायचं पान दुसऱ्यांदा उघडलं होतं, आणि त्यात एकोणपन्नास हजाराचा आकडा टाकून झाला होता.

पप्पांनी मला फोन केला नाही. दोन दिवस. मी शनिवारी घरी आलो, वर्कशॉपला गेलो, तर केबिनमधला कॉम्प्युटर फडक्यानं झाकून ठेवलेला आणि मागची नेटची वायर काढलेली. रात्री मम्मीनं ताट वाढता वाढता सांगितलं. मी पप्पांना म्हटलं, "अहो, लगेच फोन करायचा ना मला!"

ते खाली बघत म्हणाले, "तू साध्या गोष्टीला वरडतोस फोनवर. म्हटलं, आता तर काय म्हणशील."

रविवारी आम्ही १९३० ला फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला कळवलं. चोवीस हजार आजपर्यंत परत आलेले नाहीत. १९३० हा नंबर लवकर फिरवण्याचा उपयोग असा, की पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत ते रोखायची संधी असते. आमची ती संधी दोन दिवसांच्या लाजेत गेली. आणि त्या लाजेला माझं ओरडणं कारण होतं.

आणखी एक माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, ओटीपी आपणच सांगून बसलो असू तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या अंगावर येतं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. घरच्यांना तुम्हाला फोन करायची भीती वाटत असेल, तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

आता तांत्रिक भाग. हे चालतं कसं?

ही कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगलबार्ट या संशोधकानं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात माऊस जगाला दाखवला. त्याच कार्यक्रमात त्यानं मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याबरोबर एकच स्क्रीन दोन्हीकडून वापरून दाखवली. अंतर साधारण कोल्हापूर ते सांगली एवढं. पुढं इंग्लंडात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी रिसर्च लॅबमध्ये व्हीएनसी तयार झालं आणि १९९८ मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आजच्या बऱ्याच ॲपची मूळ युक्ती तीच आहे. स्क्रीनचा जो तुकडा बदलला, तेवढ्याचं चित्र दाबून छोटं करून इकडं पाठवायचं, आणि इकडचा माऊस-कीबोर्ड तिकडं पाठवायचा. घरच्या राउटरच्या मागं असलेला कॉम्प्युटर बाहेरून थेट सापडत नाही, म्हणून मध्ये कंपनीचा सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. तो नऊ-दहा आकडी नंबर किंवा कोड त्या गाठीसाठीच असतो.

म्हणजे बघा, "स्क्रीन शेअर" हे नावच जरा फसवं आहे. दाखवणं वेगळं आणि चालवायला देणं वेगळं. दाखवणं म्हणजे काचेतून मशीन बघू देणं. कंट्रोल देणं म्हणजे हँडल हातात देणं. घरी शिकवताना हे दोन शब्द वेगळे शिकवा.

दुसरा फरक. समोर माणूस बसलेला असताना, त्यानं हो म्हटल्यावर जोडणं, हा एक प्रकार. समोर कुणी नसताना पासवर्ड टाकून आत शिरणं, हा दुसरा. ऑफिसचा स्वतःचा डेस्कटॉप घरून चालवायला दुसरा ठीक. आई-वडिलांना मदत करायला फक्त पहिला. ॲपमध्ये कायमच्या पासवर्डचा पर्याय असतो, तो बंदच ठेवा.

आता कुठलं वापरायचं?

विंडोज असेल तर बहुतेक वेळा काहीच डाऊनलोड करायला लागत नाही. क्विक असिस्ट नावाचं ॲप त्यात असतं. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबली की उघडतं. मदत करणाऱ्यानं मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करायचं, "हेल्प समवन" दाबायचं, त्याला एक कोड मिळतो. तो कोड फोनवर सांगायचा, घरच्यांनी आपल्याकडच्या क्विक असिस्टमध्ये टाकायचा आणि परवानगी द्यायची. सुरुवातीला फक्त स्क्रीन दिसते. कंट्रोल हवा असेल तर वेगळी विनंती पाठवावी लागते आणि घरच्यांनी ती पुन्हा मंजूर करावी लागते. दोन वेळा हो म्हणावं लागतं, म्हणूनच आम्ही हे निवडलं.

विंडोज नसेल, किंवा एकीकडं मॅक आणि दुसरीकडं विंडोज असेल, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप. त्यात स्क्रीन शेअर करणाऱ्याकडं बारा आकडी कोड तयार होतो. तो एकदाच चालतो आणि पाच मिनिटांत मरतो. जोडलेलं असताना दर अर्ध्या तासानं तो विचारतो, अजून शेअर करायचं का? मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या आधी द्याव्या लागतात. नाहीतर पडदा दिसतो पण माऊस हलत नाही, आणि तुम्ही नेटला शिव्या घालत बसता.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर दोन्ही चांगली, मुरलेली जर्मन ॲप आहेत. पण त्यांचा फुकट वापर घरगुती कामापुरता आहे, धंद्याच्या कॉम्प्युटरला लायसन्स घ्यावं लागतं. रस्टडेस्क ओपन सोर्स आहे, आणि मधला सर्व्हर स्वतःचा उभा करायचा असेल तर त्याच्यात करता येतो. कॉलेजच्या पोरांनी जरूर खेळून बघा.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप पण आहे. ते होम आवृत्तीवर दुसऱ्याला आत घेत नाही, प्रो लागतं. आणि एक हात जोडून विनंती: यूट्यूब बघून राउटरवर ३३८९ हा पोर्ट उघडून देऊ नका. असे उघडे पोर्ट शोधत जगभर प्रोग्राम फिरत असतात. तसंच वापरायचं असेल तर व्हीपीएनच्या आतून वापरा.

कुणी म्हणेल, मग सुरक्षित ॲप कुठलं? कुठलंच नाही, आणि सगळीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की गुन्हेगारांची एक टोळी क्विक असिस्ट वापरून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतेय. यात ॲप फोडलेलं नव्हतं. माणसाला हो म्हणायला लावलं होतं. कुलूप शाबूत, आणि किल्ली आतूनच दिलेली.

म्हणून आम्ही दुसऱ्यांदा सेटिंग लावलं तेव्हा सुरुवात माणसापासून केली. क्रम सांगतो.

एक. जुनं रिमोट ॲप काढून टाकलं. गरज नसताना ते कॉम्प्युटरवर असायचं कारण नाही.

दोन. पप्पांच्या रोजच्या कामाला विंडोजचं साधं युजर अकाउंट केलं, ॲडमिनचं नाही. ॲडमिन अकाउंटचा पासवर्ड वेगळा, वहीत लिहून कपाटात. आता नवीन काही इन्स्टॉल करायचं तर तो पासवर्ड लागतो, आणि पासवर्डसाठी कपाटापर्यंत उठून जायला लागतं. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो.

तीन. फोनची दिशा ठरवली. स्क्रीन दाखवायची असेल तर फोन पप्पांनीच मला लावायचा, माझ्या सेव्ह केलेल्या नंबरवर. बाहेरून फोन आला आणि स्क्रीन, ॲप, कोड यातला एक जरी शब्द निघाला, तर फोन ठेवायचा. समोर कुणीही असो. मी असलो तरी ठेवायचा आणि उलट मला लावायचा.

चार. जोडायच्या आधी बँकेचं पान लॉगआऊट, व्हॉट्सॲप वेब बंद, मोबाईल स्पीकरवर टाकून स्क्रीन खाली करून टेबलावर. जोडलेलं असताना मोबाईलवर आलेला कुठलाही नंबर वाचायचा नाही. मुलालासुद्धा नाही.

पाच. मी काय करणार ते आधी तोंडानं सांगायचं. "आता प्रिंटरचं सेटिंग उघडतोय." न सांगता बाण हलला, तर पप्पांनी तोडायचं. हा नियम माझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

सहा. तोडायच्या तीन पायऱ्या. पहिली, स्क्रीनवरचं थांबवायचं बटण. ते सापडलं नाही तर दुसरी, मागची नेटची वायर ओढायची. तेही सुचलं नाही तर तिसरी, मेन स्विच. टॅलीचा डेटा बिघडला तर मी बघून घेईन, बॅकअप आहे. वायफायवाल्यांनी राउटरचं बटण दाखवून ठेवा.

हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मॉनिटरच्या शेजारी चिकटवलंय. आणि मग आम्ही सराव केला. मी पुण्याला परत गेल्यावर जोडायचो, आणि मुद्दाम न सांगता काहीतरी उघडायचो. पहिल्या दोन वेळा पप्पा बघत बसले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "ए, हे काय उघडलंस?" चौथ्या वेळी वायरच ओढली.

अजून दोन-तीन बारीक गोष्टी, तुम्ही विचारणारच म्हणून. चित्र अडकत असेल तर ॲपमध्ये क्वालिटी कमी करा आणि शक्य असेल तर वायफायऐवजी केबल लावा. ॲडमिनचा पासवर्ड विचारणारी खिडकी आली की क्विक असिस्टमध्ये तुमची स्क्रीन काळी होऊ शकते. बिघाड नाही, तिकडच्या माणसानंच उत्तर द्यावं म्हणून ते तसं केलंय. आणि मोबाईलची स्क्रीन शक्यतो शेअर करूच नका. ओटीपी, यूपीआय, सगळं एकाच काचेवर असतं.

फिटरमामांचं वाक्य मी हल्ली टीममधल्या ज्युनिअरना पण सांगतो. वर्कशॉपमध्ये ते नव्या पोराला पहिल्या दिवशी लेथ चालवायला शिकवत नाहीत. लाल बटण कुठं आहे ते दाखवतात, आणि चार वेळा दाबायला लावतात. "चालू कुणीबी करंल, बंद करता आली पायजे." मी पप्पांना पाच वर्षं फक्त चालू करायला शिकवलं होतं.

आता आमच्याकडं कसं चालतं ते सांगून थांबतो. परवा पप्पांचा फोन आला. "कोड सांग." मी सांगितला. त्यांनी टाकला, पाटी पूर्ण वाचली, मोठ्यानं वाचली, मी ऐकत बसलो. एक शब्द बोललो नाही. मग कंट्रोल दिला. मी एका बिलाचा पत्ता दुरुस्त करत होतो आणि मध्येच स्क्रीन गेली. मला वाटलं नेट गेलं.

"पप्पा, काय झालं?"

"काय नाही. बघत होतो, बंद होतंय का."

"झालं?"

"झालं. दे आता दुसरा कोड."

तर मंडळी, या आठवड्यात घरी गेलात तर स्क्रीन शेअरिंग जरूर लावा. आधी बंद करायला शिकवा, आणि तुमच्या आई-पप्पांना सांगून ठेवा, काहीही झालं तरी पहिला फोन मला, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका. १९३० हा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा. काही अडलं तर मला मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात!